सड्यावर येणारा भोवत्या पक्षी जिथनं येतो त्या गवताळ मुलखात झाडं का नाहीत?

सड्यावरचा_राजापूरकर

आमच्या गावामागे मोठा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे, राजापूर तालुक्यात. कातळ, गवत, मधेमधे करवंदीच्या जाळ्या, बाकी काय नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तिथं एक शिकारी पक्षी दिसायला लागतो, घारीपेक्षा सडपातळ, पंख थोडे वर धरून गवताच्या अगदी वरून तरंगत जातो, मधेच वळतो आणि धपकन खाली बसतो. एका पक्षीवाल्या मित्राला व्हिडिओ पाठवला तर म्हणाला हा भोवत्या, हिवाळ्यापुरता येतो, बहुतेक कझाकस्तान किंवा रशियाच्या बाजूच्या स्टेपमधून.

आता स्टेप, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड, डाउन्स हे सगळं आपण शाळेत पाठ केलंय, जोड्या लावा मध्ये पाचपैकी पाच मार्क पण घेतलेत, पण तिथं नक्की असतं काय ते डोक्यात कधी शिरलंच नाही. हजारो किलोमीटर नुसतं गवत, झाड नाही, असं का? पाऊस कमी म्हणून म्हणावं तर आमच्या सड्यावर एवढा पाऊस पडतो तरी झाड नाही, मग दोन्हीकडचं कारण एकच का वेगळं? आणि लपायला जागा नसताना तिथली जनावरं राहतात कशी?

विचारायचं अजून एक कारण, गावात सध्या ठरतंय की सडा ओसाड पडलाय तर तिथं झाडं लावूया, निधी पण मिळेल. मी विरोधात नाही पण मनात शंका आहे. जाणकारांनी लिहा, लांबलं तरी चालेल.

भूगोलाच्या_बाई (चिपळूण)

प्रश्न चांगला आहे आणि शाळेत हा धडा दोन तासिकांत उरकतात हे मी स्वतः शिकवत असल्यामुळे सांगू शकते, त्यात परीक्षेला येतं काय तर प्रदेशाचं स्थानिक नाव.

आधी पावसाचं. उलानबातर, म्हणजे मंगोलियाची राजधानी, तिथं अख्ख्या वर्षाचा पाऊस जेमतेम २५०-३०० मिलिमीटर. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर जातो, म्हणजे त्यांचं वर्ष आपल्याकडे जुलैतल्या चांगल्या मुसळधारीच्या दोन दिवसांत आटोपतं. कारण सोपंय, समुद्र लांब. वारे जमिनीवरून हजारो किलोमीटर येईपर्यंत कोरडे होतात. अमेरिकेत रॉकी पर्वत पॅसिफिकचं बाष्प अडवतो त्यामुळे त्याच्या पूर्वेला लगेच आखूड गवत, आणि जसजसं अजून पूर्वेला मिसिसिपीकडे जाल तसा पाऊस वाढतो आणि गवत माणसाच्या डोक्यावर जातं. त्यात थंडी. मंगोलियात जानेवारीत उणे वीस-पंचवीस काहीच नाही, आणि उन्हाळ्यात तीसच्या वर. एवढा फरक आपल्या कोकणातल्या माणसाला कल्पनेतही झेपत नाही, आपण वीसला स्वेटर काढतो.

पण नुसत्या पावसावर सगळं सुटत नाही. प्रेअरीच्या पूर्व भागात झाडं वाढण्याइतका पाऊस पडतो, तरी तिथं गवतच होतं. कारण आग आणि चरणारी जनावरं. गवत शेंड्याला वाढत नाही, नखासारखं बुडाकडून वाढतं, वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीत असतो, त्यामुळे वरचं जळलं, खाल्लं, गोठलं तरी ते परत येतं. झाडाचं रोप मात्र एकदा जळलं की खलास. दर काही वर्षांनी वीज पडून किंवा तिथल्या मूळ रहिवाशांनी मुद्दाम लावून वणवा जायचा, मागोमाग कोवळ्या गवतावर जनावरं यायची, आणि झाडाला मोठं व्हायला सवडच मिळायची नाही.

आणि खरा कारभार जमिनीखाली असतो. या गवतांचा निम्म्याहून जास्त भाग मुळांत असतो, बिग ब्लूस्टेम नावाचं प्रेअरीचं गवत आहे त्याची मुळं तीन मीटरपर्यंत जातात. ही मुळं दरवर्षी थोडी मरतात, थंडीमुळे कुजायला वेळ लागतो, आणि हजारो वर्षं साठून त्याची काळीभोर माती तयार होते. तिला चेर्नोझेम म्हणतात, युक्रेन, दक्षिण रशिया, उत्तर कझाकस्तान या पट्ट्यात तिचा थर काही ठिकाणी मीटरभरापेक्षा जाड आहे. दोकुचाएव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८८३ मध्ये या मातीवर ग्रंथ लिहिला आणि मृदाशास्त्र हा विषय बऱ्याच अंशी तिथून सुरू झाला. देशावरची काळी माती वेगळी हं, ती बेसॉल्टची, त्यात कुजलेला पाला तुलनेनं फार नसतो, मुलं हमखास इथे गल्लत करतात.

तुमच्या सड्याचं कारण उलटं आहे. पाऊस भरपूर पण माती नाही. जांभ्याचा कातळ, त्यावर कुठे दोन बोटं कुठे वीतभर माती, चार महिने ती पाण्यात बुडालेली आणि पुढचे आठ महिने तापलेल्या कातळावर भाजलेली. असं दोन्ही टोकांचं सहन करणारं झाड विरळा, म्हणून गवत आणि पावसाळी फुलं. सड्याबद्दल अजून लिहायचंय पण तासिका आहे, नंतर येते.

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ)

बरो विषय काढलास, नायतर हंयसर नुसती आंब्याच्या दराचीच गजाल चालता. पण मालवणीत लिहीत बसलो तर निम्मे लोक पळतील म्हणून साध्या मराठीत लिहितो.

जनावरं कशी राहतात विचारलंत ना, तर सायगा नावाचं हरीण वाचा एकदा. कझाकस्तानच्या स्टेपमधलं, शेळीएवढं जनावर, आणि नाक म्हणजे अक्षरशः छोटी सोंड, खाली लोंबतं. दिसायला विनोदी आहे पण कामाचं आहे, उन्हाळ्यात कळप पळताना जी धूळ उडते ती त्या नाकात अडकते आणि हिवाळ्यात बर्फाळ हवा आत जाऊन थोडी गरम होऊन फुप्फुसात जाते. उघड्यावर राहायचं तर दोनच उपाय, पळा नाहीतर बिळात जा. सायगा पळणाऱ्यातला. आणि तिसरा उपाय म्हणजे सगळ्यांनी एकदम व्यायचं, मे महिन्यात हजारो माद्या एका भागात जमतात आणि आठवडा-दहा दिवसांत सगळ्या वितात, बऱ्याच जुळी देतात, लांडगा खाऊन खाऊन किती खाणार.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. २०१५ च्या मे महिन्यात नेमकं या विण्याच्या वेळी मध्य कझाकस्तानात सायगा मरायला लागले, आणि थोडेथोडके नाहीत, साधारण तीन आठवड्यांत दोन लाखांच्या वर. जगात होते त्यातले निम्म्याहून जास्त. कळपच्या कळप, सकाळी चरणारं जनावर काही तासांत आडवं. लोकांनी काय काय तर्क केले, रॉकेटचं इंधन सांडलं, विषारी गवत खाल्लं, पण तपासात निघाला पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे आपला घटसर्प! तोच जंतू हो, ज्याच्यासाठी आम्ही पावसाळा तोंडावर आला की दारोदार फिरून गायीम्हशींना लस टोचतो आणि लोक म्हणतात कशाला, आमच्या म्हशीला काय झालंय. हा जंतू निरोगी जनावराच्या घशात गपगुमान राहतो, आणि हवा दमट आणि उबदार झाली, जनावरावर ताण आला की उसळतो. तिथं त्या वर्षी नेमकं तसंच झालं, विण्याच्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त दमट आणि उबदार हवा होती. स्टेपच्या कोरड्या हवेत वाढलेलं जनावर, त्याला आपल्याकडची हवा दोन-चार दिवस मिळाली आणि हा प्रकार. रानातल्या दोन लाख हरणांना लस टोचणार कोण.

त्याआधीही त्याचे हाल झालेच होते. १९९० च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास सायगा होते, सोव्हिएत युनियन फुटलं, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि शिंगांना चिनी औषधात भाव. शिंगं फक्त नरांना असतात, त्यामुळे नर एवढे मारले की माद्यांना जोडीदार पुरेनात आणि पिल्लंच होईनात. दहाएक वर्षांत आकडा पन्नास हजारांच्या आसपास आला.

पण आता ऐका. शिकारबंदी कडक केली, मोठमोठी राखीव रानं केली, आणि मुळात जुळी देणारी जात, तर २०२२ च्या गणतीत एकट्या कझाकस्तानात १३ लाखांच्या वर. २०२३ च्या डिसेंबरात आययूसीएननं, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे याची यादी करणाऱ्या जागतिक संस्थेनं, त्यांना अतिसंकटग्रस्त यादीतून काढून थेट जवळपास-संकटग्रस्त मध्ये टाकलं. आता तिथले शेतकरी ओरडतायत की पीक खातात. आपल्याकडे गव्याचं जे चाललंय तेच.

खलाशी_गुहागर

मी बोटीवर असतो, बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल, धान्य, कोळसा, खत वगैरे. डॉक्टर आणि बाईंनी पुस्तकातलं छान सांगितलं, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

अर्जेंटिनात रोसारिओ बंदर आहे, समुद्रावर नाही, आत पाराना नदीवर, अटलांटिकमधून रिओ दे ला प्लातात शिरायचं आणि मग नदीनं वर जायचं, दोन्ही बाजूंना सपाट म्हणजे किती सपाट, बोटीच्या ब्रिजवरून, म्हणजे वरच्या सुकाणूच्या खोलीतून बघितलं तरी उंचवटा म्हणून काय दिसत नाही. आपल्याकडे घरातून बाहेर पाऊल टाकलं की घाटी चढा नाहीतर उतरा, त्यामुळे मला ते बघून गरगरल्यासारखं झालं खरं सांगतो. माझ्या डोक्यात शाळेतलं पंपास, घोड्यावरचे गाऊचो म्हणजे तिथले गुराखी, हातात दोर, उंच गवत. शोअर लीव्ह, म्हणजे बोटीवरून उतरायची सुट्टी मिळाली तेव्हा बसनं ब्यूनस आयर्सला गेलो, चार तासांचा रस्ता, आणि चारही तास काय दिसलं तर सोयाबीन. सोयाबीन, मका, परत सोयाबीन, मधे तारेच्या कुंपणात गायी. जे गवत मी बघायला आलेलो ते नांगरून संपलंय आणि त्याच्या जागी जे उगवतं ते आमच्या होल्डमध्ये भरून आम्ही जगभर नेतो, असं ते गणित.

झाडं म्हणाल तर मोठ्या फार्मभोवती निलगिरीच्या रांगा दिसतात पण ती सगळी माणसानं आणून लावलेली. तिथला एजंट म्हणाला पंपासचं आपलं झाड म्हणजे ओंबू, भलंमोठं, खाली दहा माणसं सावलीला बसतील, पण लाकूड म्हणून शून्य, खोड स्पंजासारखं मऊ, आत पाणी साठवतं, ना जळाऊ ना इमारती. तिथल्या लोकांना तेवढी एक सावली. शहामृगासारखा एक पक्षी पण असतो म्हणाला, न्यांदू, तो मला काय दिसला नाही, आता बराच कमी झालाय म्हणे.

आणि ओडेसा. बाईंनी काळी माती म्हटलं ना, युक्रेनची, तिथनं गहू आणि सूर्यफुलाचं तेल निघतं. २०२२ मध्ये लढाई सुरू झाली आणि तुमच्या आमच्या घरातल्या तेलाच्या पिशवीचा दर एकदम वर गेला तो त्याच मातीमुळे, लढाईच्या आधी आपल्याकडे येणारं सूर्यफूल तेल सगळ्यात जास्त युक्रेनमधून यायचं. गवताळ प्रदेशाशी आपला काय संबंध असं कोणाला वाटत असेल तर रोज फोडणीत संबंध आहे.

हापूस_देवगड

सगळ्यांचं ज्ञान वाचलं, भारी आहे, पण मी जरा उलट बोलणार. सायगा आणि ओंबू राहू देत बाजूला, मूळ प्रश्न सड्यावर झाडं लावायची का नाही. आमच्या वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणली, डोक्यावरनं पाणी घातलं आणि कलमं जगवली. त्याच्या आधी त्या जमिनीचं काय होतं, सातबाऱ्यावर पोटखराबा, वर्षातून एकदा चार भारे गवत. आज त्या बागेवर चार घरं चालतात. बाहेरून येऊन फुलांचे फोटो काढणाऱ्यांना सडा सुंदर दिसतो, ते संध्याकाळी पुण्यामुंबईला जातात. गवत राखून पोट भरतं का ते सांगा.

भूगोलाच्या_बाई (चिपळूण)

हापूस, तुमचं म्हणणं खोडून काढायला नाही आले, कलमं लावणाऱ्यांनी जे कष्ट केलेत ते आम्हालाही माहीत आहेत, आमच्या माहेरीही तेच. पण गवतावर पोट भरतं का याचं उत्तर आहे.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा टापू आहे. उंच गवताची प्रेअरी अमेरिकेत होती त्यातली आता चार टक्क्यांच्या आतच उरली आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा सलग तुकडा इथे. का उरला? कोणाला दया आली म्हणून नाही. तिथं वीतभर मातीखाली गारगोटीचा दगड आहे, नांगर घातला की फाळ तुटायचा. बाकीची प्रेअरी का गेली तर तिची मुळं एवढी घट्ट आणि माती एवढी चिकट की साध्या लोखंडी नांगराला चिकटून बसायची, मग १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर काढला आणि पन्नास-साठ वर्षांत इलिनॉय, आयोवा सगळं मक्याखाली गेलं. फ्लिंट हिल्सला मात्र दगडानं वाचवलं, जसं तुमचा सडा जांभ्यानं. आणि तिथले शेतकरी गवतावरच जगतात, गुरं चारून. दर वसंतात, एप्रिलच्या सुमाराला, ते ठरवून गवत पेटवतात, नाही पेटवलं तर काही वर्षांत सीडरची झुडपं माजतात आणि चराई जाते. १९९६ मध्ये तिथं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र पण झालं.

नांगरल्यावर काय होतं तेही बघा. अमेरिकेतच दक्षिणेकडच्या कोरड्या मैदानात १९१० आणि २० च्या दशकात गव्हाला दर होता म्हणून सरसकट नांगरलं. १९३० नंतर दुष्काळ पडला, गहू उगवला नाही, माती धरून ठेवायला गवताची मुळं नव्हती, आणि मातीच उडायला लागली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ एवढं काळं होतं की त्या रविवारला काळा रविवार म्हणतात. लाखो लोक घरंदारं सोडून गेले. हे सगळं बघूनसुद्धा रशियनांनी १९५४ पासून सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात कझाकस्तानची स्टेप नांगरली, कोट्यवधी एकर, पहिली काही वर्षं विक्रमी पीक आणि साठच्या दशकात तिथेही धुळीची वादळं.

आणि कृपा करून कोणी असं म्हणू नका की बाईंनी वणवा लावायला सांगितला!! फ्लिंट हिल्सचा वणवा वेगळा, आपला वेगळा. तिथं मुळं खोल आहेत. आपल्या सड्यावर मातीच दोन बोटं, वर उन्हाळ्यात वाऱ्यानं आग शेजारच्या काजूत आणि आंब्यात जाते, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कोणाची तरी बाग जळल्याची बातमी असतेच. डॉक्टर, हापूस, यावर तरी आपलं एकमत व्हावं.

राजापूरकर, सड्याचं एक बघा, जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांना येतं, पायथ्याच्या बऱ्याच वाड्यांच्या विहिरी त्यावर असतात. वर सपाट केलं, जेसीबी फिरवला, चिरेखाण काढली तर खालच्या विहिरीचं काय हा हिशोब ग्रामसभेत मांडा. झाडं लावायचीच तर गावठाणात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी लावा ना, तिथं जगतील तरी. सड्यावर लावलेली रोपं पहिल्या एप्रिलमध्ये काय होतात ते तुम्हीच बघितलं असेल.

रानवेडी_सावंतवाडी

मला उशीर झाला यायला, नेटवर्क नव्हतं. भोवत्याबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही की, बिचारा शीर्षकात आहे.

भोवत्याचं सगळं आयुष्य जमिनीलगत. घरटंसुद्धा जमिनीवर, गवतात. झाड त्याला लागतच नाही. कझाकस्तानच्या बाजूला उन्हाळ्यात घरटी करतात, तिथं उंदरांसारखे व्होल नावाचे प्राणी असतात, ज्या वर्षी ते भरपूर त्या वर्षी पांढुरक्या भोवत्याची पिल्लं पण भरपूर. थंडी सुरू झाली की भारतात, इथं नाकतोडे, टोळ, छोटे पक्षी खातात. रात्री पण झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर एकत्र झोपतात, गुजरातेत वेळावदरला काळवीटांचं उद्यान आहे तिथं हिवाळ्यात संध्याकाळी शेकड्यांनी उतरतात. म्हणजे तुमच्या सड्यावर झाडं लावली तर बाकी पक्षी येतील कदाचित, हा जाईल.

अमूर ससाणा तर याच्या पुढचा. मंगोलिया, उत्तर चीन, अमूर नदीच्या भागात वाढतो, ऑक्टोबरात नागालँडमध्ये लाखोंनी थांबतो, मग भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेत आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ भागात हिवाळा काढतो, म्हणजे तिकडचा उन्हाळा. एका टोकाच्या थंड गवतातून दुसऱ्या टोकाच्या गवतात, आणि मधे आपला समुद्र. मुठीएवढं पाखरू. २०१२ मध्ये नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हजारोंनी मारतात हे बाहेर आलं, बोंब झाली आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार बंद केली, आता तिथं लोक बघायला जातात.

लपायला जागा नाही तर काय, याची अजून दोन उदाहरणं देते कारण मला आवडतात. प्राँगहॉर्न, प्रेअरीतला. हरणासारखा दिसतो पण हरीण नाही, काळवीटांच्या कुळातला पण नाही, त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. ताशी ८५-९० किलोमीटर पळतो, अमेरिकेत आज त्याला गाठणारं एकही जनावर नाही, मग एवढं पळायचं शिकला कशासाठी? एक अंदाज असा की हिमयुगात तिथं चित्त्यासारखं एक जनावर होतं, ते साधारण बारा हजार वर्षांपूर्वी संपलं, हा अजून त्याच्यापासून पळतोय. आणि एवढा पळणारा प्राणी तारेचं कुंपण आलं की अडतो, त्याला उडी मारायची सवयच नाही, खालून सरपटत जातो, खालची तार जमिनीलगत असेल तर तिथंच. मंगोलियात पण तेच, तिथली झेरेन हरणं लाखांच्या संख्येनं चाऱ्यामागे फिरतात आणि मधे रेल्वेलाइनचं कुंपण. हिवाळ्यात तारेला अडकून मरतात.

दुसरं प्रेअरी डॉग, नावाला कुत्रा पण आहे खारीच्या कुळातला, बिळांच्या वसाहती करून राहतो. त्याच्यावर जगणारं ब्लॅक फुटेड फेरेट नावाचं मुंगसासारखं जनावर संपलं असं सगळे धरून चाललेले, १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये एका फार्मवरच्या कुत्र्यानं एक मारून दारात आणलं तेव्हा कळलं की अजून आहेत! शेवटचे १८ पकडून पिंजऱ्यात वाढवले, आज रानात आहेत ते त्यांचेच वंशज. आणि बिळं मोडली की फेरेट गेलं, बिळात राहणारं घुबड गेलं. गवताळ रानात इमारत खाली असते, वर नुसती गच्ची दिसते.

गव्याचा भाऊ बायसन तर सगळ्यांना माहीत आहेच, काही कोटी होते, १८८० च्या दशकाच्या शेवटी हजाराच्या आत आले, कातड्यासाठी आणि तिथल्या मूळ लोकांची उपासमार करण्यासाठी, ते लिहायला घेतलं तर संताप होतो म्हणून इथेच थांबते.

हापूस_देवगड

बाई, फ्लिंट हिल्सचं पटलं. पण तिथं एकेकाची हजारो एकर जमीन असणार. आपल्याकडे सड्यात पंचवीस जणांचं सामाईक, सह्या घ्यायला निम्मे मुंबईत. गवत राखायला तरी कोण तयार होणार? विहिरीचा मुद्दा मात्र ग्रामसभेत चालेल, पाण्याचं म्हटलं की लोक ऐकतात. वणव्यावर शंभर टक्के एकमत, माझी स्वतःची कलमं गेलीत.

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ)

सामाईकचा मुद्दा खरा आहे, त्यावर तोडगा माझ्याकडे नाही. एवढं सांगतो, गुरं कमी झाली म्हणून गवत कापणारे कमी झाले, कापलं नाही की वाळून उभं राहतं आणि वणव्याला सरपण होतं. निदान रस्त्याकडच्या आणि बागांच्या कडेच्या पट्ट्यातलं गवत वेळेत काढलं तरी बरंच भागेल.

सड्यावरचा_राजापूरकर

एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बाईंचा विहिरीचा मुद्दा प्रिंट काढून नेतो. आमच्या सड्यावर कातळशिल्पं पण आहेत, ती पण जेसीबीखाली जातील हे बोलायला हवं, रत्नागिरीच्या बाजूला तर एका शिल्पात गेंडा आहे म्हणतात, म्हणजे कधीतरी इथं गवत खाणारी केवढी जनावरं असतील कोण जाणे.

अजून एक, हौसेखातर विचारतो. सायगा नाही तर निदान ते मंगोलियाचे रानटी घोडे बघायला जायचं झालं तर कधी जावं? भाऊ दुबईला असतो, तो म्हणतो दोघं मिळून जाऊ.

रानवेडी_सावंतवाडी

प्रेझवाल्स्कीचे घोडे, तिथं ताखी म्हणतात. रानातले १९६० च्या दशकाच्या शेवटी संपले होते, प्राणिसंग्रहालयांत जे डझन-चौदा घोडे वंश चालवायला उरले त्यांच्यापासून परत वाढवले आणि १९९२ मध्ये मंगोलियातल्या हुस्ताइ राष्ट्रीय उद्यानात आणून सोडले. उलानबातरपासून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला आहे, गाडीनं जाता येतं. संध्याकाळी टेकड्यांवरून पाण्यावर उतरतात तेव्हा बघायचे. जून ते ऑगस्ट सगळ्यात चांगले दिवस, गवत हिरवं असतं.

खलाशी_गुहागर

जून ते ऑगस्ट म्हणजे लावणी. गेला हा.

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ)

मे मध्ये जावं तर तिकडे वारा आणि धूळ, इकडे आंबा. सप्टेंबर म्हणावं तर गणपती, ते टाळून मंगोलियाला गेला तर परत घरात घेणार नाहीत. ऑक्टोबरात भातकापणी आणि तिकडे बर्फ सुरू. हिवाळ्यात जायचा विचार सुद्धा नको, तिकडे झुद नावाचा प्रकार असतो, बर्फानं गवत झाकलं जातं आणि गुरं उपाशी मरतात, २००९-१० च्या एका हिवाळ्यात ८० लाखांच्या वर जनावरं गेली. राजापूरकरा, जुलैचं तिकीट काढ आणि यंदाची लावणी दुबईवाल्याच्या पैशानं मजुरांकडून करून घे.